पुसलेली फुली

मी बोलतेय. हो, मीच, गॅरेजच्या धुतलेल्या फरशीवर उभी असलेली ही लाल गाडी. माझ्या काचेला आतून 'विकणे आहे' असा पुठ्ठा लावलाय. शेजारच्या खोलीत मला घ्यायला आलेला माणूस चहा पितोय. तो चहा संपेपर्यंतच मला वेळ आहे. मग किल्ली फिरेल, आणि एकदा माझं इंजिन सुरू झालं की त्याच्यापुढे कुणाचंच काही ऐकू येत नाही.

घाबरू नका, मी भूतबीत नाही. दोन माणसं बसतील एवढी जागा, लांबलचक नाक, कापडी छत, पुढे झाकता येणारे दिवे, अशी मी एक जुनी अमेरिकन स्पोर्ट्स कार आहे. लोक मला बघितलं की उगाच हळू बोलायला लागतात. कुणी हात लावू का विचारतं, कुणी न विचारता लावतं. आज मला ते कौतुक नकोय. आज कुणीतरी गुडघे टेकून माझ्या पोटाखाली बघावं, एवढंच हवंय.

माझा जन्म समुद्रापलीकडचा, अमेरिकेतल्या एका अवाढव्य कारखान्यातला. तिथे गाड्या पट्ट्यावरून एकामागून एक पुढे सरकायच्या आणि माणसं जागच्या जागी उभी राहायची. बाकीच्या गाड्यांचं अंग पत्र्याचं, माझं मात्र फायबरचं. पत्र्याला गंज चढतो, फायबरला चढत नाही. त्यामुळे पाळण्यात असल्यापासून माझ्याबद्दल एकच कौतुक ऐकत आले, "हिला गंज लागायचा नाही."

तारुण्यात ते ऐकून मी फुलून जायचे. पण माझं हे गुळगुळीत अंग बसवलंय एका पोलादी सांगाड्यावर. कारागीर त्याला चासी म्हणतात. जाडजूड, चौकोनी, आतून पोकळ. चाकं, इंजिन, माणसं, सगळ्यांचा भार त्याच्यावर. मागच्या चाकांजवळ तो कमानीसारखा वर वळतो आणि तिथेच चाकाला धरून ठेवणारा लोखंडी हात त्याला जोडलेला असतो. ती कमान शाबूत, तर मी शाबूत. पण कमानीचं कौतुक कोण करतो? ती दिसतच नाही.

माझा पहिला मालक जहाजावरचा कप्तान होता. त्याने मला स्वतःच्या जहाजातून या गावात आणलं. भारी प्रेमळ माणूस. मला पुसायला स्वतःच्या शर्टाचं मऊ कापड वापरायचा, त्यावरून बायकोची बोलणीही खायचा. "मला कधी इतकं जपलंत का?" असं ती म्हणायची. "तू कधी एवढी चकाकलीस का?" असं हा म्हणायचा, आणि मग त्या दिवशी जेवण गार मिळायचं.

एकदा कप्तान सफरीवर असताना त्याच्या मेव्हण्याने किल्ली पळवली. ओहोटी लागली होती, वाळू ओली आणि सपाट होती. मेव्हणा मला घेऊन पाण्याच्या कडेकडेने सुसाट निघाला. पाणी दोन्ही बाजूंनी उडत होतं, शेजारी बसलेली त्याची मैत्रीण किंचाळून हसत होती. खोटं कशाला बोलू, मलाही मजा आली. आयुष्यात तेवढं मनसोक्त मी पुन्हा कधीच धावले नाही.

पण तेव्हाच खारं पाणी चासीच्या पोकळ नळ्यांत शिरलं. मेव्हण्याने घरी येऊन मला वरून लख्ख पुसलं. एक थेंब ठेवला नाही. कप्तान परत आला, माझ्याभोवती फेरी मारली, खूश झाला. आतलं मीठ आतच राहिलं. त्या दिवसापासून माझ्या पोटात काहीतरी हळूहळू कुरतडायला लागलं. त्याचा आवाज नव्हता, वास नव्हता. फक्त मला कळायचं.

कप्तानानंतर मी एका फोटो स्टुडिओवाल्याकडे गेले. त्याने मला चालवण्यासाठी घेतलंच नव्हतं. माझं इंजिन बिघडलं तेव्हा त्याने सुटकेचा निःश्वास टाकला, म्हणाला, "बरं झालं, आता कुणी चक्कर मारू का म्हणून विचारणार नाही." मला विटांवर चढवून मागे डोंगराचा पडदा लावला. लोक येऊन माझ्यात बसायचे, स्टिअरिंगवर हात ठेवायचे, मान तिरकी करायचे आणि गाडी आपलीच असल्यासारखे फोटो काढून घ्यायचे. नवे नवरानवरी, नुकतेच नोकरीला लागलेले, एकदा तर शेजारचा न्हावी त्याच्या बोकडासकट. माणसांना असण्यापेक्षा असल्यासारखं दिसणं किती प्यारं असतं, ते मी तिथे शिकले. माझंही तसंच झालं होतं. मी धावत असल्यासारखी दिसायचे.

पुढे स्टुडिओ बंद पडला आणि मला ओढत ओढत इथे आणलं. या दोन भावांच्या गॅरेजमध्ये.

आता या भावांचं सांगायलाच हवं, कारण सगळं त्यातच अडकलंय.

थोरला, ज्याला सगळे दादा म्हणतात, रंगाचा आणि जोडकामाचा माणूस. वेल्डिंग करावं तर त्याने. दोन पत्रे असे जोडतो की बोट फिरवलं तरी सांधा लागत नाही. धाकटा इंजिनाचा, ब्रेकचा, चासीचा. कानाने काम करणारा. हातात छोटी हातोडी घेऊन गाडीखाली शिरतो, टक टक ठोकत जातो आणि कुठे काय दुखतंय ते आवाजावरून ओळखतो. दोघं मिळून एक पुरा माणूस, असं दादाची बायको म्हणते.

फक्त ही दोन अर्धी माणसं एकमेकांशी बोलत नाहीत.

भांडण कशावरून? ऐकलंत तर हसाल. कितीतरी वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या गाडीच्या दाराला दादाने रंग दिला होता. गिऱ्हाईक म्हणालं, जरा वेगळा दिसतोय का? त्यावर धाकटा गमतीने बोलून गेला, "आमच्या दादाला दोनच रंग कळतात. एक त्याचा आणि एक चुकीचा." गिऱ्हाईक खो खो हसलं. दादाने रंग फवारायची बंदूक खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी फरशीवर पांढऱ्या खडूने लिहिलेलं होतं, 'नट आवळले का?' धाकट्याने खाली पिवळ्या खडूने लिहिलं, 'हो.' झालं. तेव्हापासून यांची तोंडं बंद आणि खडू सुरू.

दादाचा पांढरा, धाकट्याचा पिवळा. भिंतीवर, फरशीवर, गाड्यांच्या अंगावर, जिथे जागा मिळेल तिथे. 'बारीक पाना कुठंय?' 'तुझ्या खिशात बघ.' 'डोळे आहेत की बटणं?' 'बटणं. पण शिवलेली आहेत, तुझ्यासारखी तुटलेली नाहीत.' गिऱ्हाइकं बसून वाचायची आणि पोट धरून हसायची. कामाचा मात्र एक नियम होता आणि तो दोघंही डोळ्यात तेल घालून पाळायचे. जिथे काम बाकी तिथे खडूची फुली. ज्याने काम पुरं केलं, त्यानेच फुली पुसायची. फुली दिसेनाशी झाली की काम झालं. त्यावर पुन्हा विचारायचं नाही, तपासायचं नाही. बोलणं नसलं तरी एवढा भरवसा होता. या नियमावर या गॅरेजमधून कितीतरी गाड्या सुखरूप बाहेर गेल्या.

मी आले तेव्हा दोघांनी मला बघितलं आणि दोघांच्याही चेहऱ्यावर एकाच वेळी एकच हसू आलं. मग दोघांनी घाईघाईने तोंडं फिरवली. दादाने मला नाव दिलं मेमसाहेब. पांढऱ्या खडूने माझ्या समोरच्या भिंतीवर लिहिलंसुद्धा, 'मेमसाहेबांना पाणी मारताना जपून.' खाली पिवळ्याने, 'मेमसाहेबांनाच विचारून मारतो.'

आणि मग ती आली. दादाची मुलगी. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं, ते अजून तसंच आहे. लांबच्या देशात यंत्रविद्या शिकली, तिथली चांगली नोकरी सोडून परत आली. पाठीवरची पिशवी खाली ठेवण्याआधी ती माझ्यापाशी आली, फाटक्या आसनावर बसली आणि म्हणाली, "मी परत येऊन चूक केली असं सगळे म्हणतात. तू दाखवून दे त्यांना."

तेव्हापासून मी तिची आहे. कागदावर कुणाचीही असेन.

ती बोलायची तेव्हा तिचे डोळे पेटल्यासारखे व्हायचे. म्हणायची, "बाबा, लोक जुन्या गाड्या नुसत्या रंगवून विकतात. आपण तसं नाही करायचं. जे खराब आहे ते दाखवायचं, जे केलंय ते सांगायचं. जुनं टिकवायचं तर खरं सांगून टिकवायचं." दादा मान हलवायचा. मग ती काकाकडे जाऊन तेच सगळं पुन्हा सांगायची, कारण एकदा सांगून दोघांनी ऐकण्याची सोय या घरात नव्हती.

"बाबांना तूच सांग ना," ती काकाला म्हणायची.

"तुझे बाबा बहिरे आहेत का? ऐकतायत की पलीकडून."

पलीकडून दादा बायकोला म्हणायचा, "सांग त्याला, मी काही ऐकत नाहीये."

भिंगरी हसायची, पण मला जवळून दिसायचं. ती हसून झाल्यावर ओठ घट्ट मिटायची. दूरदेशी असताना आठवण यायची ती या दोघांची, एकत्र. परत आली तर इथे मध्ये भिंत, आणि भिंतीवर खडू.

काम जोरात चाललं होतं. इंजिन धाकट्याने पुरं उघडून पुन्हा जुळवलं. ज्या दिवशी ते पहिल्यांदा धडधडलं, त्या दिवशी समोरच्या दुकानातली माणसं रस्त्यावर आली. दादाने माझ्या अंगावरचे जुने थर खरवडले, तडे भरले, घासलं, पुन्हा घासलं, आणि हा लाल रंग चढवला. त्यात तोंड दिसतं. दारांच्या फटी त्याने सगळीकडे सारख्या केल्या. दारांच्या फटी हा दादाचा अभिमान. तो म्हणतो, फट सारखी असेल तर गाडी खोटं बोलत नाही.

मग धाकटा हातोडी घेऊन माझ्या पोटाखाली शिरला. टक, टक, टक. पुढे सगळं ठणठणीत वाजलं. मागे सरकत सरकत तो त्या कमानीपाशी आला. टक नाही झालं. धप्प झालं. ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखं. त्याने पुन्हा मारलं. पुन्हा धप्प. त्याने हातोडी छातीवर ठेवली. मग त्याने पिवळ्या खडूने तिथे मोठी फुली मारली, दोनदा गिरवून.

कितीतरी वर्षांनी माझ्या आतलं दुखणं कुणाच्या तरी कानावर पडलं होतं. सांगता येत नाही किती हलकं वाटलं.

काम दादाचं होतं. कुजलेला भाग कापायचा, तिथे नवं पोलाद जोडायचं. दादाने फुली पाहिली, वाकून नीट पाहिली. पण वेल्डिंगचा गॅस संपला होता, नवी टाकी यायची होती. आली की करू म्हणून तो दुसऱ्या गाडीकडे वळला. धाकटा सुटे भाग आणायला परगावी गेला.

तो सुट्टीचा दिवस होता. गॅरेज बंद. भिंगरीने बादली भरली, जुनी चादर फाडून फडकी केली आणि बाह्या वर सारल्या. तिची आई चहाचे कप गोळा करायला आली आणि दारातच थांबली.

"हे काय चाललंय?"

"साफसफाई."

"भिंतीवरचं पुसतेस? अगं, त्यांचं बोलणं आहे ते."

"म्हणून तर पुसतेय. आई, हे दोघं एक दिवस भिंतीवर लिहीत लिहीत म्हातारे होतील आणि मग आपण काय, भिंत जपून ठेवायची? खडूच नसला तर तोंड उघडतील. उघडावंच लागेल."

"नको गं. त्यांचं त्यांचं चाललंय ते बरं चाललंय. मधल्या मध्ये काहीतरी व्हायचं."

"काय होणार आहे? फार तर ओरडतील एकमेकांवर. ओरडू देत. मला त्यांचा आवाज ऐकायचाय."

आई कप घेऊन आत गेली, पण जाताना तिने माझ्याकडे एकदा वळून पाहिलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

भिंगरीने भिंती पुसल्या. फरशी पुसली. दिसेल तो खडूचा तुकडा उचलून बादलीत टाकला, पाणी दुधासारखं झालं. मग चाकांच्या फळीवर आडवी होऊन ती माझ्या पोटाखाली सरकली. गुणगुणत होती. कमानीपाशी आली. पिवळी फुली तिच्या नाकासमोर होती.

ती थांबली. बोट लावलं. "इथेसुद्धा भांडताय का रे?" असं म्हणाली, आणि फडकं फिरवलं.

एकदा. दोनदा. दोनदा गिरवलेली होती ना.

फुलीचा अर्थ तिला माहीत नव्हता का? कसा असणार! ती शिकायला गेली तेव्हा भांडण कोवळं होतं, खडूने नुसते टोमणे चालायचे. कामाचा नियम नंतर ठरला, तोही न बोलता. तिला कुणी सांगितलं नाही, कारण सांगावं असं कुणाला वाटलंच नाही. श्वास कसा घ्यायचा ते कुणी सांगतं का?

मी ओरडायला हवं होतं. पण मला आवाज फक्त इंजिनाचा, आणि ते बंद होतं.

नंतरचं सगळं इतक्या मायेने घडलं की कुणाला दोष द्यावा तेच कळत नाही. गॅसची टाकी आली. दादा माझ्याखाली वाकला, बघतो तर फुली नाही. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी झरकन उतरलं. पुटपुटला, "माझ्याशिवाय जमायला लागलं वाटतं. जाता जाता बाहेरच्या माणसाकडून जोडून घेतलंन्." कुणाशी बोलणार, काय विचारणार? परक्याचा जोड कसा आहे तेही त्याने बघितलं नाही. त्याने काळ्या रंगाची बंदूक उचलली आणि माझ्या पोटावर जाड, गुळगुळीत थर मारला. राग आला की दादा फार सुंदर रंगवतो.

धाकटा परत आला. पहिलं काय केलं तर माझ्याखाली शिरला. फुली गेलेली, वर ताजा काळा रंग. त्याने हात फिरवला. मग पुन्हा फिरवला. सांधा लागेना. "काय हात आहे माणसाचा," तो हळूच म्हणाला, "जोड दिसतसुद्धा नाही." त्याचे डोळे ओले झाले होते, मी पाहिलं. हातोडी त्याच्या खिशातच होती. त्याने ती अर्धी बाहेर काढली.

मार, मी म्हणत होते. एकच मार.

पण दादाच्या कामावर हातोडी मारून बघायची म्हणजे दादावर अविश्वास. एक थट्टा केली तर एवढी वर्षं गेली. आता कुठे पोरगी आलीय, घरात जरा हसणं ऐकू येतंय. त्याने हातोडी परत खिशात सरकवली आणि कमानीवर नुसती थाप मारली, शाबासकी दिल्यासारखी. काळ्या रंगाखाली मूठभर गंज आतल्या आत गळून पडला.

खडू गेले, पण तोंडं काही उघडली नाहीत. नवे खडू आणायचे तर आधी कुणी आणायचे हा मानापमान. मग दोघं अंदाजावर काम करायला लागले. भिंगरी रोज आशेने एकदा याच्याकडे बघायची, एकदा त्याच्याकडे. "आज बोलतील," ती माझ्या कानात म्हणायची. कानात म्हणजे आरशाजवळ.

मी माझ्यापरीने सांगून पाहिलं. आसनं बसवली, पेट्रोल भरलं, अंगावर सगळा भार आला, तसं मागून मी केसभर खचले. खचले की माझं दार घासतं. माझ्याकडे बोलायला एवढंच एक दार होतं. दादाने ते उघडलं तर वरच्या कोपऱ्यात खर्र झालं. त्याची मान ताठ झाली. फट बिघडली! त्याची फट!

त्याच वेळी खाली वाकला असता तर कळलं असतं. पण त्याला वाटलं, आपल्याच हातून राहिलं. कुणी बघायच्या आत दुरुस्त केलेलं बरं. त्याने बिजागरीखाली पातळ चकत्या सरकवल्या, दार उचललं, फट पुन्हा सारखी केली. खर्र बंद झालं. मग मऊ कापडाने तो कोपरा त्याने पुसला, कप्तान पुसायचा तसा.

भिंगरीने जाहिरात लिहिली. रात्रभर नाही हो, भर दुपारी, माझ्या बॉनेटवर कोपर टेकून, ओठात पेन धरून. शेवटची ओळ तिने मोठ्याने वाचली. "या गाडीत काहीही लपवलेलं नाही." आणि ते तिच्यापुरतं अगदी खरं होतं.

तर हे असं आहे. आता आत चहा चाललाय. खिडकी उघडी आहे, सगळं ऐकू येतंय.

घ्यायला आलेला माणूस दातांचा डॉक्टर आहे. गोल, हसरा, बोलका. आल्या आल्या त्याने माझ्या अंगावरून हात फिरवला आणि म्हणाला, "वा! हिला गंजाची भीती नाही, बरं का. फायबर." मी मनात कपाळावर हात मारला.

"तुम्हाला सांगतो," तो आत बोलतोय, "माझ्याकडे लोक येतात, काय हसतात, दात कसे मोत्यासारखे. म्हणतात, डॉक्टर, काही नाही, उगाच बघून घ्या. मी आपलं ठोकून बघतो. आणि आवाजच सांगतो हो! वरून पांढराशुभ्र, आतून पोकळ. दाबला की गेला."

सगळे हसतायत. भिंगरीचं हसू सगळ्यांत वर. फक्त धाकट्याचं हसू ऐकू येत नाही. खिडकीतून मला त्याचा हात दिसतोय. बशी धरलेला. तो हात हवेतच थांबलाय.

विचार कर. दादाला विचार, विचार.

"चला तर," डॉक्टर उठतोय. "एक चक्कर मारू. जाताना तुम्ही चालवा, येताना मी. उतारावर मला जरा धाकधूक होते."

कप खाली ठेवले गेले. आले सगळे. भिंगरी पुढे, किल्ली बोटात फिरवत. तिने 'विकणे आहे'चा पुठ्ठा काढून आईच्या हातात दिला. दादाने दार उघडून धरलं. आवाज न करता उघडलं ते, लोण्यासारखं. डॉक्टर शेजारी बसला, मी मागून आणखी केसभर खचले. किल्ली फिरली.

आता मी गर्जतेय. हीच ती गर्जना, जिच्यासाठी लोक माझ्यावर जीव टाकतात. गॅरेजच्या पत्र्याचं छप्पर थरथरतंय. आई दारात उभी आहे, पुठ्ठा छातीशी धरून. "जपून गं!" तिचे ओठ हलले, एवढंच.

फाटक. फाटकापाशी एक उंचवटा आहे. मी त्याच्यावरून गेले आणि पोटात काहीतरी कुरकुरलं. पुढे सरळ उतार, उताराच्या टोकाला कालव्यालगतचं वळण. तिथे ब्रेक दाबावाच लागतो. ब्रेक दाबला की सगळा जोर त्या कमानीवर येतो.

आणि मला आरशात मागचं दिसतंय.

धाकटा मी उभी होते त्या जागेपाशी गेलाय. फरशी आज सकाळीच धुतलेली, आरशासारखी. तिच्यावर, माझ्या मागच्या चाकाच्या जागी, तपकिरी भुकटीचा एक छोटासा ढीग. चिमूटभर. त्याने गुडघे टेकले. भुकटी बोटांत चुरली. आणि त्याने मान वर केली, आणि तोंड उघडलं.

"दादा!"

मला ऐकू नाही आलं. पण त्या शब्दाला तोंड कसं उघडतं ते कुणालाही ओळखता येईल. दादा असा दचकून वळला की हातातलं फडकं पडलं. पुढचंही मी दोघांच्या ओठांवरूनच वाचलं.

"दादा, मागची कमान तू जोडलीस ना?"

"मी? मी कशाला? फुली तर तू पुसलीस!"

"मी नाही पुसली!"

इतक्या वर्षांनी, समोरासमोर, तोंडाने.  मग दोघंही पळत सुटले. खांद्याला खांदा लावून, दोन्ही हात वर करून, जिवाच्या आकांताने ओरडत फाटकाबाहेर आले.

भिंगरीने आरशात पाहिलं.

तिचा चेहरा उजळला. असा उजळलेला मी तो कधीच पाहिला नव्हता. "काका बघा! बाबा बघा!" ती डॉक्टरला म्हणतेय, माझ्या आवाजावर ओरडून. "दोघं एकत्र! बोलतायत! निरोप द्यायला आले, बघा ना, दोघं एकत्र!" तिचे डोळे भरून आलेत. तिने एक हात स्टिअरिंगवरून काढला, वर केला आणि त्यांना हलवून दाखवतेय.

"मग जरा होऊन जाऊ दे की!" डॉक्टर हसत म्हणतोय. "आवाज ऐकू दे हिचा!"

पोरी, नको. तो निरोप नाहीये. हात खाली घे. पाय उचल. माझं इंजिन बंद कर, आत्ताच, उतार लागायच्या आधी, या सपाटीवर, आणि एक क्षणभर शांत बस. ते बोलतायत ते तुझ्याशी बोलतायत. तुला त्यांचा आवाज ऐकायचा होता ना? ऐक.

तिने हसत पाय दाबला.